दुसऱ्या घंगाळातलं पाणी

पत्र्यावर पाऊस असा बडवत होता की माइकवरचं निम्मं बोलणं वाहून जात होतं. मांडवात त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. लोक ऐकायला आलेच नव्हते, बघायला आले होते. माण, भुकूम, पौड आणि थेट पुण्याहून आलेल्या गाड्या ताम्हिणीच्या रस्त्याकडेला चिखलात रुतून उभ्या होत्या, आणि आत प्रत्येकाच्या हातात एक बाटली होती. कुणाची खोकल्याच्या औषधाची, कुणाची अत्तराची. एका आजीबाईंनी तर लोणच्याची बरणी आणली होती. त्या सगळ्यांत सकाळची पहिली लघवी होती.

व्यासपीठावर मूर्ती नव्हती, धुनी नव्हती, कवटी नव्हती. लांब टेबल, परीक्षानळ्यांची घोडी, स्पिरिटचा दिवा आणि दोन तांब्याची घंगाळं. टेबलामागे पांढरा डगला घातलेले, सडपातळ, चष्मा नाकावर उतरलेले डॉ. धनेश आठल्ये. लोक त्यांना सरमहाराज म्हणत. ते हसून हात हलवत, "महाराज नको, नुसतं सर म्हणा," आणि लोक आणखी जोरात सरमहाराज म्हणत.

"मी बाबा आहे का?" सरांनी विचारलं.

"न्हाई!" मांडव गरजला.

"मी अंगारा देतो का?"

"न्हाई!"

"मग मी काय करतो?"

"परयोग!"

"डोळ्यांनी बघा, मग माना. स्वादुपिंडातले ताम्रकण झोपी गेले की शरीरातली साखर रुसून बसते. आम्ही ताम्रकण जागे करतो. इतकं सोपं आहे. परदेशात हे पोचायला अजून वेळ लागेल, त्यांची यंत्रं महाग आहेत ना!"

हशा झाला. स्वादुपिंडात झोपणारे ताम्रकण वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात सापडत नाहीत. ही गोष्ट त्या मांडवात सर्वांत चांगली ठाऊक असलेला माणूस माइक धरून उभा होता.

भुकूमचा एक ढेरपोटे गृहस्थ पुढे आला. त्याची पहिली परीक्षा होती. सरांनी पहिल्या घंगाळातलं गडद निळं पाणी नळीत घेतलं, त्याच्या बाटलीतले चार थेंब टाकले आणि नळी चिमट्यात धरून दिव्यावर हलवली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि बघता बघता तळाशी विटकरी लाल गाळ साचला. मांडवानं श्वास ओढला. "इष!" पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. गृहस्थाचा चेहरा उतरला.

मग दुसरी परीक्षा. ज्यांनी सरांच्या पुड्या घेऊन अनुष्ठान पुरं केलं होतं, त्यांच्यासाठी दुसरं घंगाळ. त्यात सरांनी आधी पांढऱ्या खड्यांची एक मूठ टाकली. या खड्यांना ते ब्रह्मक्षार म्हणत. एक बाई आली, तिचे थेंब पडले, नळी तापली. पाणी निळंच राहिलं.

"निळं! निळं!" टाळ्यांनी पावसाचा आवाज झाकला. बाईनं डोळे पुसले आणि व्यासपीठाच्या पायाशी ठेवलेल्या लाकडी पेटाऱ्यात आपलं साखर मोजायचं यंत्र टाकलं. पेटारा काठोकाठ भरला होता. यंत्रं, गोळ्यांची पाकिटं, इन्सुलिनची पेनं, सुया. अनुष्ठान धरणाऱ्यानं ते सगळं तिथं अर्पण करायचं असा रिवाज होता. काही पेनांवर लहान मुलांना आवडणारी चिकटचित्रं लावलेली होती.

मी बातमीसाठी आलो होतो. हा पेटारा पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आठल्ये भोंदू म्हणून जन्माला आले नव्हते. पुण्यातल्या एका महाविद्यालयात त्यांनी हयातभर असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवलं. त्यांच्या तासाला इतर वर्गांतली मुलं येऊन मागं उभी राहत. तांब्याच्या संयुगांवर त्यांचं संशोधन होतं, ते परदेशांत वाचलं जात होतं, आणि विभागप्रमुखपद त्यांच्याकडे चालत आलं. मग एका मोठ्या निबंधावरून गडबड झाली. बाहेरच्या प्रयोगशाळांना त्यातले निष्कर्ष मिळेनात. सरांनी पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला तोच प्रयोग पुन्हा करायला बसवलं. तिलाही ते मिळेनात. "येईपर्यंत करत राहा," सर म्हणाले. तिनं पुष्कळ महिने केलं, आणि शेवटी लेखी सांगितलं, येत नाही. निबंध मागे घेतला गेला. सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भाषणं झाली, आणि एकाही भाषणात त्या निबंधाचा उल्लेख झाला नाही. आपल्याकडे निरोपाच्या दिवशी असलं काही बोलत नाहीत.

म्हणून मुळशीत आले ते नुसते "निवृत्त विभागप्रमुख". इथल्या जागेला त्यांनी रसायनकुटी नाव दिलं, तिच्या पाटीवर तेवढंच होतं, आणि ते खरंही होतं.

ती विद्यार्थिनी हेमलता. आता ती पौडच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि माणमध्ये हैबतरावांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. हैबतराव म्हणजे गावातलं जुनं घर. जमिनीवर आता खोल्या उभ्या आहेत, खोल्यांत कंपन्यांतली मुलं. तरुणपणी त्यांनी गावातल्या देवऋषाला काठी घेऊन शिवेबाहेर काढलं होतं आणि ती गोष्ट ते अजून रंगवून सांगत. त्यांची नात सृष्टी नऊ वर्षांची. तिला लहानपणापासून मधुमेह. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज टोचून द्यावं लागतं. टोचताना ती रडायची, आणि खाली अंगणात हैबतराव, तिचे आबा, कानावर हात ठेवून बसायचे.

अशा माणसाला सरमहाराज भेटले. अंगारा देणारा असता तर आबांनी त्याला उभा केला नसता. हा तर परीक्षानळी घेऊन आलेला. चूक नेमकी इथं झाली, आणि ती आबांसारख्या शहाण्या माणसाचीच होऊ शकत होती. अंगारा, लिंबू, कोंबडं ओळखायला ते शिकले होते. पांढरा डगला घालून आलेलं तेच सोंग ओळखायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सृष्टीचं इन्सुलिन बंद झालं. तिचं यंत्रही पेटाऱ्यात गेलं, पण त्याआधी सरांनी त्याचा बंदोबस्त केला होता. "आकडा वाढेल," ते म्हणाले होते, "वाढला की समजा विष बाहेर पडतंय." आकडा वाढला, आणि घरात पेढे वाटले गेले.

हेमलताला हे जिन्यात कळलं. सृष्टी पायरीवर बसून बाटलीभर पाणी घटाघटा पीत होती.

"काय गं, किती पाणी पितेस?"

"तहान जातच न्हाई, म्याडम. रातीला पन उठतीया मी." मग ती खट्याळपणे म्हणाली, "सरांनी जिभेवर खडा दिला व्हता. ब्रह्मक्षार. लिंबाच्या गोळीसारखा आंबट लागतुया. गुळमाट न्हाई."

हेमलता घरात शिरली ती थेट शीतलकडे, सृष्टीच्या आईकडे. "शीतलताई, इन्सुलिन आजच्या आज सुरू करा. हिला डॉक्टरकडे न्या."

शीतलनं फ्रिजचं दार उघडून दाखवलं. लोण्याच्या कप्प्यात एक कुपी लपवून ठेवलेली होती. "टाकून दिली न्हाई मी. पन मामंजी आयकंनात. रविवारी दुसरी परीक्षा हाय म्हनत्यात. निळं आलं तर?"

"आणि नाही आलं तर?"

"येतंच की समद्यांचं."

हे वाक्य हेमलताला रात्रभर छळत राहिलं. सगळ्यांचं येतं. कुठल्याही खऱ्या तपासणीत सगळ्यांचं एकसारखं येत नाही.

रविवारी सकाळी गाडी निघताना हेमलतानं सृष्टीला उचलून आत ठेवलं आणि पोरीच्या श्वासाचा वास तिच्या नाकात गेला. गोडसर, उग्र. नखांचा रंग पुसायच्या पाण्यासारखा. ॲसिटोन. आयुष्य प्रयोगशाळेत गेलेल्या बाईला तो वास चुकणं शक्य नव्हतं. पोरीच्या रक्तात आम्ल साचत होतं. ती खोल खोल श्वास घेत होती, पळून आल्यासारखी.

"आबा, गाडी दवाखान्यात घ्या. आत्ता."

"परीक्षा झाली का जाऊ."

"तोवर उशीर होईल."

"म्याडम," हैबतराव गाडी सुरू करत म्हणाले, "तुमचंच गुरू हायेत ना ते? मंग? गुरूपरीस तुमाला जास्त कळतंया व्हय?"

हेमलता न विचारता मागच्या सीटवर बसली. पौडला सृष्टीला उलटी झाली म्हणून गाडी थांबली, तेव्हा ती समोरच्या किराणा दुकानातून ग्लुकोजचा डबा, धुण्याचा सोडा आणि पाण्याची बाटली घेऊन आली. तिथूनच तिनं मला फोन केला. मी या तालुक्याच्या बातम्या देतो आणि त्या दिवशी मांडवात होतोच. "रुग्णवाहिका बोलवून फाटकाशी उभी करा," ती म्हणाली, "आणि जाऊ देऊ नका."

रुग्णवाहिका फाटकाशी आली तेव्हा वर सृष्टीचं नाव पुकारलं जात होतं.

शीतलनं पोरीला कडेवर घेतलं होतं. पोरीची मान खांद्यावर पडली होती. "झोपाळलीया," हैबतराव आजूबाजूला सांगत होते, "शुद्धी चालू हाय ना."

सरांनी दुसऱ्या घंगाळातलं पाणी घेतलं. थेंब टाकले. नळी दिव्यावर धरली. सगळा मांडव चवड्यांवर उभा राहिला.

निळं.

"निळं!" हैबतरावांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. त्यांनी वाकून सरांचे पाय धरले.

"सर, एक शंका आहे."

सरांनी वर पाहिलं. क्षणभर त्यांचा हात थांबला, मग चेहऱ्यावर हसू आलं. "अरे, हेमलता! या, या वर. मंडळी, ही माझी विद्यार्थिनी. माझ्या हाताखाली शिकलेली. आता ही स्वतः तुम्हाला सांगेल."

टाळ्या झाल्या. हेमलता वर गेली. तिचा आवाज शांत होता.

"सर, तुम्हीच शिकवलंत. तपासणीवर शंका आली की जे नक्की माहीत आहे ते घालून बघायचं. हा बाजारातला ग्लुकोज. शुद्ध साखरच. ही या दुसऱ्या पाण्यात लाल व्हायलाच हवी." तिनं नळीत निळं पाणी घेतलं, चमचाभर ग्लुकोज टाकला, तापवलं. पाणी उकळलं, आणि निळंच राहिलं. "बघा. साखर ओतली तरी हे पाणी लाल होत नाही. मग या मुलीची साखर त्याला दिसणार कशी?"

मांडवात कुजबुज झाली. सरांनी ती पसरू दिली नाही.

"वा! हेच तर मला दाखवायचं होतं. हे सिद्धजल आहे, मंडळी. साखर पचवतं! नळीत पचवतं, तसंच देहात पचवतं!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा जोरात. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "मानलं बुवा." पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. पुरावा डोळ्यांसमोर होता आणि तोच चमत्कार झाला होता.

शीतलनं पोरीला हलवलं. "सृष्टे? ए सृष्टे? बोल की." पोर डोळे उघडेना.

"म्याडम, ही बोलंना!"

"ताई, खाली फाटकाशी गाडी उभी आहे. जा."

"कुटं जातीस?" हैबतराव आडवे आले. "निळं आलंय! समद्या गावासमोर आलंय!"

हेमलतानं माइक हिसकला नाही. तिनं घोडीतून सृष्टीचीच नळी उचलली, जिच्यावर सरांना टाळ्या मिळाल्या होत्या ती, आणि तिच्याशेजारी दुसरी नळी धरली. दुसरीत त्याच घंगाळातलं पाणी आणि बाटलीतलं साधं पिण्याचं पाणी. "आबा, इकडे बघा. एकीत तुमची नात आहे, एकीत नुसतं पाणी. दोन्हींत सारखाच सोडा टाकते. कपडे धुवायचा. पुडी तुम्हीच फोडा."

हैबतरावांनी पुडी फोडली. सोडा पडताच दोन्ही नळ्या फसफसून वर आल्या. पुढच्या रांगा मागे सरकल्या.

"घाबरू नका. आंबट पाण्यात सोडा पडला की फेस येतोच. ब्रह्मक्षार म्हणजे लिंबूसत्त्व, सरबतात घालतात ते. सृष्टीनंच मला सांगितलं, आंबट लागतं म्हणून. बाकी पाण्यात आहे मोरचूद. तुम्ही फवारणीला वापरता तोच."

फेस बसला. फिकट निळं पाणी गडद झालं, थेट पहिल्या घंगाळातल्या पाण्यासारखं. तिनं दोन्ही नळ्या एकदम दिव्यावर धरल्या.

साध्या पाण्याची नळी निळी राहिली.

सृष्टीची नळी हिरवी झाली, पिवळी झाली, नारिंगी झाली, आणि तळाशी विटकरी लाल गाळ इतका दाट साचला की नळी तिरपी केली तरी हलेना.

"मोरचूद, लिंबूसत्त्व आणि सोडा," हेमलता म्हणाली, "तिन्ही असले तर साखर ओळखणारं पाणी तयार होतं. अकरावीच्या मुलांना आम्ही हे शिकवतो. सरांचं पहिलं घंगाळ खरं आहे. दुसऱ्यात त्यांनी सोडा घातलाच नाही. सोड्याशिवाय हे पाणी आंधळं. त्यात माणूस काय, अख्खी ग्लुकोजची गोणी टाका, ते निळंच राहणार. तुमच्यातला एकही जण बरा झालेला नाही. फक्त पाणी बदललंय."

"सोड्यातच काहीतरी आहे," सर म्हणाले. पण आवाज माइकपासून लांब होता.

"मंग ही का न्हाई लाल झाली?" हैबतरावांनी साध्या पाण्याची नळी त्यांच्या चष्म्यासमोर धरली. "सोडा दोनींत एकच हाय. पुडी म्या फोडलीया. सांगा की, सर. ही का न्हाई?"

हैबतराव वळले तेव्हा शीतल गर्दीतून धावत फाटकापर्यंत पोहोचली होती. तिनं कुणाची परवानगी घेतली नव्हती. आबा तिच्या मागं चिखलातून पडत-उठत पळाले, आणि रुग्णवाहिका वाट फोडत निघून गेली.

मग पेटाऱ्याकडे झुंबड उडाली. आपलं यंत्र, आपल्या गोळ्या, आपल्या बापाची सुई शोधताना लोक एकमेकांना ढकलत होते, आणि सगळी यंत्रं सारखीच दिसत होती. अर्धी गर्दी मात्र जागची हलली नाही. ती सरांकडे बघत उभी होती, अजून काहीतरी खुलासा होईल या आशेनं.

आठल्यांनी फुंकर न मारता, दिव्यावर टोपण ठेवून ज्योत विझवली. प्रयोगशाळेत शिकवतात तशी. मग हेमलताला हळू आवाजात म्हणाले, ते मी जवळ होतो म्हणून ऐकलं. "तुला वाटतं हे लोक तपासणीला येतात? ‘तुम्ही बरे झालात’ हे ऐकायला येतात. ते त्यांना कुणीच सांगत नाही. मी सांगतो."

"आणि ती मुलगी, सर?"

"येईपर्यंत करत राहायचं असतं," ते म्हणाले, आणि डगल्याची बटणं काढू लागले. त्यांच्या बोलण्यात पश्चात्ताप नव्हता, रागही नव्हता. इतक्या थंडपणे बोलणारा माणूस मी गुन्ह्याच्या बातम्या देतानाही क्वचित पाहिला आहे.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आहे. आठल्यांच्या वकिलाचं म्हणणं असं की त्यांच्या अशिलानं देवाचं नाव घेतलं नाही, अंगात आणलं नाही, अंगारा दिला नाही, तेव्हा हा जादूटोणा होतच नाही, हा प्रयोग आहे. कोर्ट काय म्हणायचं ते म्हणेल. रसायनकुटीला कुलूप आहे, आणि रविवारी सकाळी त्या फाटकाशी अजून गाड्या थांबतात. माणसं बाटली घेऊन उतरतात आणि सर आता कुठं बसतात ते विचारतात. पेटाऱ्यातली चिकटचित्रं लावलेली पुष्कळ पेनं न्यायला कुणीच आलेलं नाही. ती मुलं कुठली, कुणाची, हे पोलिसांनाही अजून कळलेलं नाही.

मला सांगायचं आहे ते थोडकं आहे. पांढरा डगला, नळी, पदवी, शास्त्रातले शब्द यांतल्या कशानंही एखादी गोष्ट विज्ञान होत नाही. ज्यानं औषध दिलं त्याच्याच हातानं, त्याच्याच पाण्यानं, त्याच्याच मांडवात "बरे झालात" हे ठरवून घेऊ नका. दुसरीकडे जा, दुसऱ्याला दाखवा. जो खरा असेल तो तुम्हाला अडवणार नाही.

सृष्टी अतिदक्षता विभागात पुष्कळ दिवस होती. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी काहीच सांगायला नकार दिला होता. तिला साध्या वॉर्डात आणलं त्या दुपारी मी भेटायला गेलो. हैबतराव पायाशी स्टुलावर बसले होते, नजर खाली. परिचारिकेनं सृष्टीचं बोट टोचलं, थेंब घेतला आणि आकडा वाचून दाखवला. सृष्टी कळवळून ओरडली. या वेळी आबांनी कान झाकले नाहीत.

शीतल पुढं झाली. जरा अवघडली, पण बोलली. "सिस्टर, राग मानू नका. पन हिचं रगत मी भायेरच्या लॅबमदी बी तपासून आननार हाय."

परिचारिकेनं कापूस दाबून धरायला दिला.

"त्यात राग कसला? आणा की. चिठ्ठी देऊ का लिहून?"